घरांत कुत्रें आहे काय?

पुण्यांत भाड्याची जागा शोधणाऱ्या गृहस्थास दलालाचा पहिला प्रश्न असतो तो माणसें किती; दुसरा, मांसाहार करतां काय; आणि तिसरा, घरांत कुत्रें-मांजर आहे काय. या तिसऱ्या प्रश्नास ‘होय’ म्हटलें कीं बोलणें तेथेंच खुंटतें. या पावसाळ्यापूर्वी आमच्यावर हा प्रसंग अकरा वेळां आला. आमची कुत्री बारा वर्षांची, एका डोळ्यानें अधू. भुंकण्याची हौस तिनें केव्हांच सोडून दिली आहे. एका घरमालकांनीं तिच्याकडे पाहून ‘फार गरीब आहे हो,’ असा अभिप्राय दिला आणि त्याच दमांत जागा नाकारली. त्यांच्या दिवाणखान्यांत दत्तात्रेयाची मोठी तसबीर होती. तींतील चारही कुत्र्यांना ताजा हार पोहोंचला होता!

घरमालकांची बाजू आम्हांस कळत नाहीं असें नाहीं. दाराचें लाकूड ओरबाडलें जातें, शेजारी तक्रारी करतात. आमच्याच गोतांतले कांहीं लोक जिन्यांतली घाण ओलांडून खुशाल पुढें जातात, त्यांचें पाप आम्हांस भोंवतें, हेंहि कबूल. परंतु मग अनामत रक्कम घेतात ती कशासाठीं? चार वर्षांचें मूल भिंतीवर कोळशानें हत्ती काढतें, म्हणून लेंकुरवाळ्या कुटुंबास कोणीं दार बंद केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. नुकसान झाल्यास तें भरून घ्यावें. तें होण्यापूर्वींच शिक्षा कसली?

यावर ठरलेलें उत्तर येतें, ‘सोसायटीचा नियम आहे.’ हें उत्तर लटकें आहे. पाळीव प्राण्यांना बंदी करण्याचा अधिकार सोसायटीस बहुमतानेंहि पोहोंचत नाहीं, असें केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानें २०१५ सालींच कळविलें. केरळच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं तसाच निर्णय दिला. पण खरी मेख पुढेंच आहे. हें संरक्षण सोसायटीच्या मनमानीविरुद्ध. अकरा महिन्यांच्या करारावर राहूं पाहणाऱ्या बिऱ्हाडकरूस मालकानेंच ‘नको’ म्हटलें, तर त्यापुढें तें पत्रक निरुपयोगी. मालक सोसायटीकडे बोट दाखवितो, सोसायटी मालकाकडे. आणि जागेची निकड असलेला एखादा माणूस अखेर कुत्र्यालाच रस्त्यावर सोडून देतो. जनावरास असें उपाशी मरावयास टाकणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा. पहिल्या गुन्ह्यास त्यांत दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा. एवढ्या पैशांत कुत्र्याचा एका दिवसाचा खुराकहि येत नाहीं.

फ्रान्सनें १९७० सालीं कायदा करून, घरांत पाळीव प्राणी ठेवूं नये ही भाडेकरारांतील अटच रद्दबातल ठरविली. नासधूस किंवा उपद्रव झाल्यास जबाबदारी मात्र भाडेकरूची. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यांत असें एक कलम घातल्यानें कोणाचें घर लुटलें जाणार आहे?

आम्हांस अखेर जागा मिळाली ती गांवाबाहेर, दोन हजार रुपये अधिक भाडें मोजून. करार अर्थातच अकरा महिन्यांचा. तो संपेल तेव्हां कुत्री तेरा वर्षांची झालेली असेल, आणि दलालाचा तिसरा प्रश्न पुन्हां कानीं येईल.