शेवटची दहा मिनिटे मोलाची

दातात सिमेंट भरून झाले की पेशंटची घाई सुरू होते. 'झाले ना डॉक्टर? निघतो, एस.टी. चुकेल.' तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना हे वाक्य माझ्या कानावर नेहमी पडते. माझ्या मते मात्र त्या वेळी काम निम्मेच झालेले असते. भरलेला दात टिकणार की त्याच्या कडेने पुन्हा कीड लागणार, हे बरेचसे शेवटच्या दहा मिनिटांत ठरते.

प्रथम मुलांविषयी. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात तिला दुधाचीच समजतात आणि 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. वाचकहो, ही दाढ कायमची आहे. ती गेली तर दुसरी येत नाही. तिच्यावरच्या काही खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. मग ब्रश आत पोचणार कसा? कीड नेमकी तेथेच लागते.

या खाचा कीड लागण्याआधीच पातळ रेझिनने बुजवणे म्हणजे सीलंट. त्याचे मूळ अमेरिकेतील डॉ. मायकेल ब्युनोकोर यांच्या १९५५ सालच्या संशोधनात आहे. दाताच्या वरच्या कठीण कवचाला, म्हणजे एनॅमलला, फॉस्फरिक आम्ल लावले की ते सूक्ष्म छिद्रांचे होते आणि त्यात रेझिन घट्ट रुतते, असे त्यांनी दाखवले. दाताच्या रंगाचे कंपोझिट सिमेंटही याच तत्त्वाने चिकटते. सीलंटसाठी सहसा इंजेक्शन लागत नाही, दात कोरावा लागत नाही.

पद्धत साधी, पण शिस्तीची. दात स्वच्छ करायचा, कापसाचे बोळे किंवा रबराचा पडदा लावून कोरडा ठेवायचा. साधारण ३७ टक्के तीव्रतेचे आम्ल १५ ते ३० सेकंद लावून भरपूर पाण्याने धुवायचे. वाळल्यावर दात खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. मग सीलंट लावून निळ्या प्रकाशाने घट्ट करायचे. मध्ये लाळ लागली तर पुन्हा आम्लापासून सुरुवात. शेवटी टोकदार सळईने ते कोठे सुटते का, हे पाहायचे.

कंपोझिट भरताना ते साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात, कारण प्रकाश फार खोल जात नाही आणि घट्ट होताना हे सिमेंट थोडे आक्रसते. त्यानंतर रंगीत कागद चावायला देऊन उंच भाग शोधायचा, तो बारीक घासायचा, कडा दाताशी एकजीव करायच्या आणि चकत्यांनी गुळगुळीत करायचे. हा काही दिसण्याचा शौक नव्हे. उंच राहिलेले सिमेंट चावताना दुखते, कधी मोडते. खडबडीत राहिले तर त्यावर अन्नाचा थर साचतो, चहाचे आणि तंबाखूचे डाग बसतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की झटपट आणि स्वस्त कामाचा हट्ट पेशंटने धरू नये आणि डॉक्टरांनी तो पुरवू नये. 'चावा तपासला का? पॉलिश केले का?' असे विचारण्यात संकोच कसला? तोंड बधिर असताना चावा नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी दात उंच लागला तर 'होईल सवय' म्हणू नका, परत दाखवा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांची कीडही तपासली जाते. हे चांगलेच आहे. पण कीड सापडेपर्यंत थांबायचे कशाला? पहिली-दुसरीतल्या मुलांच्या नव्या दाढांना शाळेच्या तपासणीतूनच सीलंटची सोय मिळाली, तर गरिबाच्या घरचा पुढचा मोठा खर्च वाचेल.

सीलंट लावले म्हणून ब्रश सुटत नाही. दर सहा महिन्यांनी ते तपासावे, निघाले असेल तर पुन्हा लावावे. घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर आज रात्री बॅटरीच्या उजेडात त्याच्या तोंडात मागे पाहा. नवी दाढ दिसली, तर काळा डाग पडायची वाट पाहू नका.