आजच्या सवलतीतून कालची वसुली

परदेशी गुंतवणूकदार कराच्या दराला भितात, ही समजूत अर्धीच खरी आहे. ठरलेला कर, चढा असला तरी, हिशेबात धरता येतो. मागाहून उगवलेला धरता येत नाही. 2015 मधले किमान पर्यायी कराचे, म्हणजे ‘मॅट’चे प्रकरण पाहा. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांच्या भांडवली नफ्याला 1 एप्रिलपासून मॅटमधून वगळले. प्राप्तिकर खात्याने त्याचा उलटा अर्थ लावला: आता सूट, म्हणजे आधी कर होताच! जुन्या वर्षांच्या नोटिसा निघाल्या. खरी मेख पुढे आहे. खुल्या फंडात रोज माणसे येतात-जातात आणि त्या दिवशीच्या एनएव्हीवर, म्हणजे युनिटच्या निव्वळ मालमत्ता मूल्यावर, त्यांचा हिशेब मिटतो. 2012 चा नफा खिशात घालून बाहेर पडलेल्याला 2015 मध्ये कोण गाठणार? त्याचा कर आज फंडात असलेल्याच्या माथी बसतो. व्यवस्थापकाने तरतूद करावी तर एनएव्ही घसरते, न करावी तर उद्या तोच अडकतो. अखेर न्या. ए. पी. शहा समितीने हा कर जुन्या वर्षांना लागू नाही असा निर्वाळा दिला आणि सप्टेंबरमध्ये सरकारने तो मानला.

यावर कोणी म्हणेल, परदेशी पैसा अमेरिकेतल्या व्याजदरांकडे बघून पळतो, कर हे निमित्त. बऱ्याच अंशी खरे आहे. 2013 मध्ये फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी आखडती घेण्याचे नुसते सूतोवाच केले, तर भारत, इंडोनेशिया, ब्राझील, तुर्कस्तान सगळ्यांच्याच चलनांना धक्का बसला. पण फेडचा निर्णय दिल्लीच्या हातात नाही, करकायदा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मॉरिशसमार्गे करमुक्त नफा नेणाऱ्यांचे लाड किती काळ करायचे? करू नयेतच, पण बदल पुढच्या व्यवहारांपुरता असावा. 2016 मध्ये त्या देशाशी असलेला करार बदलला तेव्हा 1 एप्रिल 2017 पूर्वी घेतलेल्या शेअर्सना हात लावला नाही. 2018 मध्ये दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर आला, त्यातही 31 जानेवारीपर्यंतची वाढ सोडून दिली. कुरकुर झाली, पण कोणी आंतरराष्ट्रीय लवादाकडे धावले नाही. व्होडाफोन कंपनी कराचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकल्यावर 2012 मध्ये थेट 1962 पासून लागू केलेल्या करकायद्यातल्या दुरुस्तीचे मात्र तसे झाले नाही. त्याच दुरुस्तीचा फटका बसलेल्या केर्न कंपनीने लवादात 1.2 अब्ज डॉलरचा निवाडा मिळवला आणि पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणवली. 2021 मध्ये सरकारने ती तरतूद मागे घेतली आणि दावे सोडण्याच्या अटीवर सुमारे 8,100 कोटी रुपये परत करायचे ठरवले, तेही बिनव्याजी.