व्हेरी हार्ड म्हणजे नक्की काय हार्ड?

सध्या वीकेंडला 'रोम: टोटल वॉर' पुन्हा लावलाय. गेम २००४ चा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबात सातवाहनकालीनच! २०२१ मध्ये त्याची रीमास्टर्ड आवृत्ती आली, पण मजा जुनीच आणि दुखणंही जुनंच. दुखणं हे, की रोमन घेऊन खेळायला बसलात तर पंचवीसेक प्रांत झाल्यावर हरणं जवळजवळ अशक्य होतं. जिंकायला हवेत पन्नास. उरलेले पंचवीस म्हणजे निव्वळ डेटा एंट्री.

यावर मित्रमंडळींचं ठरलेलं उत्तर: "अरे मग व्हेरी हार्डवर खेळ ना!"

ठीक आहे. पण व्हेरी हार्डवर होतं काय? शत्रू हुशार होत नाही. त्याच्या सैनिकांची मारण्याची ताकद आणि मनोधैर्य फुकटात वाढवून मिळतं, खजिन्यातही वरून मदत होते. गॉल टोळीवाला अजूनही तुमच्या भाल्यांवर सरळ धावत येतो, फक्त मरायला जास्त वेळ लावतो. सर्व्हरवर लोड वाढवला म्हणून प्रोग्रॅमचं लॉजिक सुधारत नाही, तसंच हे.

मुळात रोमन सोपे का, ते बघू. गेम इ.स.पू. २७० ला सुरू होतो. इटलीत ज्युलिआय, ब्रुटिआय, स्किपिआय ही तीन घराणी आणि चौथी सिनेट, चौघंही एकमेकांचे मित्र. म्हणजे पहिल्या चालीपासून तुमची पाठ सुरक्षित. नकाशावरच्या बाकी कुणाच्या नशिबात हे सुख नाही. त्यातही ज्युलिआयच्या वाट्याला उत्तरेची गरीब गॉल गावं, तर ब्रुटिआयच्या समोर ग्रीसची श्रीमंत शहरं. काठिण्यपातळी खरं तर घराणं निवडतानाच ठरते, पण त्या स्क्रीनवर हे कुणी सांगत नाही!

पुढे मारियसच्या सुधारणा येतात. इतिहासात त्यांचं साल इ.स.पू. १०७ धरतात. गेममध्ये मात्र इटलीतल्या एखाद्या शहरात सर्वात मोठा राजवाडा बांधला की त्या लागू. परिणाम काय, तर शत्रू मेटाकुटीला आलेले असतानाच तुम्हाला सर्वात तगडं सैन्य मिळतं. चढ हवा तिथे उतार.

आता कुणी म्हणेल, रोम होतंच बलाढ्य, मग तक्रार कसली? बरोबर आहे. इ.स.पू. २१६ ला कॅनीच्या मैदानात हॅनिबलने एका दिवसात पन्नास हजारांच्या आसपास रोमन कापले, तरी रोमने तह मागितला नाही. नवी सैन्यं उभी केली. पॉलिबियसने त्याआधी नऊ वर्षांचा हिशोब दिलाय, शस्त्र धरू शकणारे सात लाखांवर पायदळ आणि सत्तर हजार घोडदळ. अशा राज्याला बाहेरून हरवणं अवघडच.

पण रोमला खरा त्रास कुणी दिला? आपल्याच सेनापतींनी. इ.स.पू. ८८ ला सुल्ला स्वतःचं सैन्य घेऊन रोमवर चालून गेला, इ.स.पू. ४९ ला सीझरने रुबिकॉन ओलांडली. गेमला हे माहीत आहे. तुम्ही फार मोठे झालात की सिनेट तुमच्या घराण्याच्या प्रमुखाला आत्महत्येचा हुकूम सोडते आणि यादवी पेटते. कल्पना झकास! फक्त ती येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून जो तो रोमच्या वेशीवर आधीच फौजा आणून ठेवतो. काम फत्ते.

गंमत म्हणजे उत्तर त्याच कंपनीने दुसऱ्याच वर्षी दिलं होतं. २००५ च्या 'बार्बेरियन इन्व्हेजन'मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य घेऊन बघा. प्रांत ढीगभर, खजिना गळका, धर्मावरून शहरं अस्वस्थ, आणि सेनापतींच्या निष्ठेचा भरवसा नाही. इथे तुम्ही नकाशावर सर्वात मोठे आहात, तरी घाम फुटतो.

आता हेच आपल्या घरी आणून बघा. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये चक्क मराठे घेऊन खेळता येतं, सुरुवात १७००. आनंद आहेच. पण तिथे एकच गट आणि एकच खजिना. सातारा-कोल्हापूर वाद नाही. पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले अशी आपापल्या मनाची घराणी नाहीत. प्रत्यक्षात १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांकडे वळले, आणि या गोंधळात डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आमच्या ऐरोलीहून खाडी ओलांडली की ठाणं; त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती तुरुंग आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पानिपतच्या धक्क्यातून दहा वर्षांत सावरलेलं राज्य घरच्या भांडणात असं उसवत गेलं. गेममध्ये हे कुठेच नाही, म्हणून तिथले मराठे एकदा दख्खन हाती आलं की रोमनांइतकेच सोपे आणि तितकेच कंटाळवाणे होतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. व्हेरी हार्ड निवडल्यावर शत्रूच्या तलवारीला आयती धार लावू नका. माझ्या सरदारांना थोडी महत्त्वाकांक्षा द्या, लांबच्या सुभेदाराला माझा हुकूम पाळायचा की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या. तशा गेममध्ये पन्नासावा प्रांत घेताना हात थरथरला, तर मी त्यावर आणखी दहा रविवार घालवायला तयार आहे.