उद्यानाजवळचा फलक कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शेजारच्या तात्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. त्या वेळी गल्लीत गाडी म्हणावी तर तात्यांचा दूध वाहण्याचा टेम्पो तेवढा होता. त्यात गादी टाकून आम्ही बेळगाव गाठले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दवाखान्याच्या आवारात जागा नव्हती. राखणदाराने हातानेच समोरचा रस्ता दाखविला आणि तात्यांनी एका उद्यानाच्या कुंपणालगत, आधीच उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मागे, टेम्पो लावला. पहाटे नातू झाला. पाच वाजता गावातील दूध गोळा करण्यासाठी तात्या लगबगीने बाहेर आले, तो टेम्पोच्या चाकाला कुलूप!

खांबावर एक फलक होता. तात्या चौथी शिकलेले आहेत, पण वर्तमानपत्र रोज वाचतात. फलकाकडे बघत ते म्हणाले, "गुर्जी, मला वाचाय येतंय ओ, खरं हे वाचाय येईना झालंय." निळ्या वर्तुळावर लाल तिरकी रेघ आणि खाली कन्नडमध्ये दोन ओळी. मी त्या वाचून दाखविल्या. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत वाहने उभी करण्यास मनाई, असा मजकूर होता. कन्नड मला येते. नोकरीच्या निमित्ताने शिकलो आणि शिकल्याचा आनंदच आहे. पण रात्री मी सुनेबरोबर आत धावलो होतो आणि गाडी लावणारा फलकाखाली एकटाच होता.

दंड भरला, कुलूप निघायला साडेआठ वाजले. तोवर गावात गल्लीगल्लीतील दूध डेअरीच्या वेळेला मुकले होते. नातवाचे पेढे वाटायचे त्या सकाळी तात्या घरोघर जाऊन दुधाबद्दल माफी मागत फिरले.

कोणी म्हणेल, ते गोल चिन्ह तर सर्वांना कळते! कळते ना. पण दिवसा त्याच रस्त्यावर वाहनांची रांग असते आणि रात्रीही दोन मोटारी उभ्या होत्याच. मनाई कोणत्या वेळेची, हे चिन्ह सांगत नाही. ते त्या दोन ओळींतच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. उद्यानाच्या कडेला रात्रभर ट्रक आणि खासगी बसगाड्या मुक्काम ठोकू लागल्या की काय होते, हे शहरातील कोणत्याही रहिवाशाला विचारा. तेथेच स्टोव्ह पेटतो, तेथेच बाटल्या पडतात. झाडूवाल्या बायकांना गाडीखालचा कचरा काढता येत नाही आणि पहाटे फिरायला येणाऱ्या वृद्धांना पदपथ सोडून भर रस्त्याने चालावे लागते. आगीचा बंब आत न्यायचा प्रसंग आला तर बोलायलाच नको. उद्यान सर्वांचे आहे, तसाच त्याचा रस्ताही. घर बांधताना मोटारीची जागा सोडायची नाही आणि पुढे उद्यानाचे कुंपण हेच आपले गॅरेज समजायचे, ही शहरी सवय मोडलीच पाहिजे. त्या रात्रीच्या दोन मोटारींपैकी एकीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर झाडाचा पाला साचला होता. तिच्या चाकाला मात्र कुलूप नव्हते! दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने पोलिसांना दिला आहे. तो अधिकार त्या ताडपत्रीपाशी का थबकला, हे मी सांगू शकत नाही.

आता फलकाच्या भाषेचा मुद्दा. हा प्रश्न काढला की लगेच सीमावादाचा रंग दिला जातो. सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल तेथे लागेल. खांबावरच्या दोन ओळींना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९८८ च्या त्याच मोटार वाहन कायद्याचे कलम ११६ पाहा. वाहतुकीच्या चिन्हावरील शब्द, अक्षरे वा आकडे अन्य लिपीतही लिहिण्याची मुभा त्यात राज्य सरकारला आहे आणि ती अक्षरे मूळ अक्षरांसारख्याच आकाराची व रंगाची असावीत, असेही म्हटले आहे. म्हणजे मराठी ओळ लिहायला नवा कायदा नको, रंगाचा डबा आणि इच्छा असली की पुरे.

केंद्र सरकारने १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी जे निवेदन काढले, त्यात अशी भाषा बोलणारे शेकडा १५ ते २० असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे सुचविले होते. बेळगाव तालुक्यात मराठी माणूस किती आहे, हे मोजायला शिरगणतीची पुस्तके उघडण्याची गरज नाही. बाजारात उभे राहावे! कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनेही दुकाने व व्यापारी संस्थांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला दिली. कन्नडचा तो मान आहे आणि तो राहावा. पण शंभरातून साठ गेले की चाळीस उरतात, एवढे गणित माझ्या तिसरीच्या मुलांनाही येते.

"कन्नड शिकून घ्या" असा सल्ला मिळतो. आमची मुले शाळेत कन्नड शिकतातच. प्रश्न तात्यांचा आहे, आणि दवाखान्यासाठी चंदगडहून रात्री-अपरात्री येणाऱ्यांचाही. त्यांचा तालुका महाराष्ट्रात असला तरी आजारी माणूस बेळगावलाच येतो. हाच न्याय उलटही लागू आहे. जत व अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड बोलणाऱ्या माणसाला सोलापुरात दंड होणार असेल, तर त्या दंडाची सूचना त्याला कन्नडमध्ये वाचायला मिळावी. तसे मागायला मला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपलेही लोक दुर्लक्ष करतात. कलम ११७ नुसार वाहने कोठे उभी करावीत, ही जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरविता येते. "येथे नको" म्हणणाऱ्याने "तेथे लावा" हेही सांगावे. रुग्णाबरोबर खेड्यातून आलेल्या वाहनाला रात्रीपुरती एक मोकळी जागा आणि उद्यानाच्या खांबावर तिकडे जाण्याचा बाण, दोन्ही भाषांत, एवढे झाले तरी पुष्कळ काम होईल. निव्वळ मराठी अक्षरे लिहून घेतली आणि गाडी लावायला जागाच नसली, तर तात्यांना दंड मराठीत वाचून भरावा लागेल, इतकेच.

आमच्या गावच्या समितीने या दोन्ही मागण्यांचा अर्ज दिला आहे, मराठीत. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, हे टेबलापलीकडच्या गृहस्थांना सांगावे लागले, पण त्यांनी अर्ज घेतला आणि पोचही दिली. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेत बैठक आहे. ज्यांच्याकडे अशा दंडाच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात, आणि जमल्यास त्या जागेच्या फलकाचे छायाचित्रही.