मातीचे बैल पुजणाऱ्यांनी थोडा हिशेबही करावा

दर पोळ्याला आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून मातीचे बैल पाटावर मांडले जातात, पुरणाचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी ते तुळशीच्या कुंडीत जातात. खऱ्या बैलाचे काय झाले हे विचारण्याची पद्धत आपल्यात उरलेली नाही. आम्ही ते विचारणार आहोत, कोणाला रुचो वा न रुचो.

आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर नर्मदा ओलांडून इकडे आले. इतिहास सांगताना आपण घोडे आणि तलवारी मोजतो. पण दाणागोटा, तंबू, दारूगोळा ओढला तो बैलांनी. वर्ध्याकडचा गवळाऊ बैल चपळ चालीचा. मराठी फौजांना डोंगरी वाटांनी झपाट्याने सामान न्यायला तो उपयोगी पडला, अशी त्याची ख्याती आहे. तीच जात आजही आपल्या राज्यात छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडे आढळते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी इकडे आणली. त्या माळव्याचा माळवी बैल काळ्या जमिनीत आणि गाडीला सारखाच दमदार. या जाती दुधासाठी नव्हत्याच, ओढकामासाठी होत्या. म्हणूनच त्यांचे मरण आज कोणाच्या लक्षात येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशी व गावठी गाई-बैल आधीपेक्षा ६ टक्क्यांनी घटले आणि विदेशी व संकरित २६.९ टक्क्यांनी वाढले.

ट्रॅक्टर आला म्हणून बैल गेला, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आम्ही बँकेत बसणारी माणसे सांगू शकतो, कारण घसारा काढणे हे आमचे रोजचे काम. कोणतीही वस्तू विकत घेताना शहाणा माणूस तिची मोडीची किंमतही धरतो. लहान शेतकरी तेच करत असे. बैल आठ-दहा वर्षे राबला की बाजारात उभा करायचा, आलेल्या पैशांत भर घालायची आणि नवा खोंड आणायचा. राज्याच्या २००४ च्या गोवंश वध प्रतिषेध कायद्याने, आणि पुढे सात वर्षांपर्यंत वाढवलेल्या शिक्षेने, म्हाताऱ्या बैलाची ही किंमत शून्यावर आणली. किंबहुना उणे केली, कारण तो मरेपर्यंत खाणार. मग पुढचा खोंड घेईल कोण? आणि दारात जन्मलेला गोऱ्हा पोसेल कोण? तो रात्री हमरस्त्यावर सोडला जातो आणि सकाळी आपण नगर निगमला शिव्या देतो. म्हैस या कायद्यात नाही. तिच्या रेड्यालाही गिऱ्हाईक आहे, आणि त्याच गणनेत म्हशी घटलेल्या नाहीत.

इंग्लंडात जुन्या जाती वाचवायला १९७३ मध्ये संस्था निघाली. तिकडच्या गुरांच्या जुन्या जाती लहान शेतांवर टिकून आहेत त्या मुख्यतः मांसाला मागणी आहे म्हणून. ब्राझीलने आपल्या आंध्रातली ओंगोल जात नेली, तिचे नाव नेलोर ठेवले आणि मांसाच्या धंद्यावर तिचे प्रचंड कळप उभे केले. तो मार्ग आपल्या समाजाचा नाही आणि आम्ही तो सुचवतही नाही. कायदा राहू द्या. पण जो समाज एक दार बंद करतो त्याने दुसरे उघडण्याचा खर्च उचलला पाहिजे. आज तो खर्च दोन बिघेवाल्याच्या माथी मारून आपण पुण्य मात्र आपल्या खात्यावर जमा करतो. हे कोणत्या खतावणीत बसते?

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये निकामी बैल हा चाऱ्यावरचा भार मानला होता. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मत बदलले: शेण आणि मूत्र देणारा बैल कधीच निकामी नसतो. ठीक आहे. आपल्याच लालटिपारा गोशाळेत ऑक्टोबर २०२४ पासून रोज १०० टन शेणातून दोन टन गॅस काढण्याच्या क्षमतेचा प्रकल्प आहे. म्हणजे शेणाला किंमत आहे, हे सरकारलाही मान्य. मग ती शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या शेणाला का नाही?

राज्य सरकार गोशाळांना जनावरामागे दिवसाला २० रुपये देत असे, २०२५ मध्ये ते ४० केले. वर्षाचे १४,६०० रुपये. म्हणजे शेतकऱ्याने बैल हाकलून दिला की सरकार त्याच्यासाठी १४,६०० खर्च करणार, आणि त्याने तो घरी सांभाळला तर एक छदामही नाही! हाकलण्याला याहून चांगले उत्तेजन कोणते? महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता म्हटले आणि दिवसाचे ५० रुपये दिले ते गोशाळांनाच. उत्तर प्रदेशाने मात्र २०१९ पासून मोकाट जनावर घरी सांभाळणाऱ्याला रोजचे पैसे देऊ केले. तेही जनावर आधी मोकाट झाल्यावर.

गोशाळेत जनावर जगते, जात जगत नाही. तिथे निवडून पैदास होत नाही, कोण कोणाचे वासरू याची नोंद राहत नाही. जात टिकते ती गोठ्यात, चांगला वळू ओळखणाऱ्या माणसाजवळ. आणि योजना कशा? २०२५ ची कामधेनू योजना २५ दुभत्या जनावरांची, ४२ लाखांपर्यंतची. देशात ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले. बैलजोडीसाठी कर्ज मागणारा माणूस आमच्या टेबलासमोर येऊन किती वर्षे झाली, ते आम्हाला आठवतही नाही.

आमची मागणी सरळ आहे. माळवी, निमाडी, केनकथा, गवळाऊ या जातींचा बैल जो लहान शेतकरी म्हातारपणीही घरी सांभाळेल, त्याला गोशाळेचे तेच ४० रुपये मिळावेत. लबाडी होईल म्हणणाऱ्यांनी जनावराच्या कानातला १२ आकडी बिल्ला पाहावा. विमा आणि कर्जाला तो चालतो, मग याला का नाही?

दुसरी गोष्ट आपल्या शहरातली. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला तो गुरांचा मेळा म्हणून. आज बातमी होते ती मोटारींच्या रोड टॅक्समधल्या सवलतीची. त्या मेळ्यात देशी वळू आणि कामाच्या बैलजोड्यांना जातवार, भरघोस रोख बक्षिसे हवीत. वसुबारसेला आपण चाऱ्यासाठी वर्गणी काढतो. तिच्यातून यंदा एक जातिवंत माळवी वळू घेऊन डबरा-भितरवारकडच्या एखाद्या गावाला द्यावा. निवडणुकीत गोमातेचा जयजयकार करणारे मत मागायला येतीलच. त्यांना चहा जरूर द्यावा, आणि कपबशी उचलण्याआधी ४० रुपयांचे विचारावे. निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. मेळ्याची तयारी सुरू होण्याआधी कार्यकारिणीने त्यावर सह्या घ्याव्यात.