‘वॉच’ म्हणजे फक्त घड्याळ नव्हे!



‘वॉच’ म्हणजे काय, असं विचारलं की अख्खा वर्ग मनगट दाखवतो. उत्तर बरोबर, पण अर्धंच. शब्द-अर्थ पाठ करून घ्यायचे आणि पुढे जायचं, इथेच आपण चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘सी’ म्हणजे नजरेस पडणे, ‘लुक’ म्हणजे मुद्दाम नजर वळवणे आणि ‘वॉच’ म्हणजे काही वेळ लक्ष ठेवून पाहणे. म्हणून टीव्ही, मॅच ‘वॉच’ करतात. ‘वॉच आउट!’ म्हणजे सांभाळ! आणि राखण करतो तो वॉचमन.

गंमत म्हणजे ‘वॉच’ आणि ‘वेक’ हे शब्द एकाच मुळातले. वेक म्हणजे जागं होणं. आपल्याकडेही जागण्यावरूनच ‘जागल’ आली! मुकुटबन भागातल्या पोरांना ती पुस्तकातून शिकवावी लागत नाही. रानडुकरं, रोही पिकात शिरू नयेत म्हणून बाप रात्रभर शेतात बसतो. कधी पोरगंही सोबत जातं. सकाळी ते वर्गात पेंगतं आणि आपण ओरडतो, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’

त्याचं लक्ष रात्रभर पिकावर होतं, गुरुजी! त्यालाच जागलीचं सांगू द्या. मग फळ्यावर लिहा, ‘माय फादर वॉचेस द फील्ड ॲट नाइट.’ अर्थ पाठ करायची गरजच उरणार नाही.

पालकांनाही एक विनंती. पीक राखाच, पण शाळेच्या दिवसांत लेकराची झोपही राखा.