दाव्याची बातमी छापली जाते, निकालाची नाही

कापड बाजारात माल उधारीवर जातो आणि उधारी पतीवर मिळते. ही पत पूर्वी दलालाच्या तोंडी असे. अमुक पार्टी कशी आहे असे विचारले की दलाल दोन शब्द सांगे आणि त्या दोन शब्दांवर लाखोंचा ग्रे माल गाडीत चढे. आता आमच्या पेढीवर बसणारी पोरे दलालाला विचारीत नाहीत. मोबाईलवर पार्टीचे नाव टाकतात आणि जे सर्वांत वर येईल ते वाचतात. पार्टी मोठी असेल तर वर बहुधा विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश येतो.

मागच्या वर्षी एका मोठ्या मिलची ऑर्डर आमच्याकडे आली. पुतण्याने नाव तपासले आणि म्हणाला, "चाचा, यांच्यावर फसवणुकीचा दावा आहे. माल देऊ नका." आम्ही विचारले, दावा कधीचा आणि पुढे त्याचे काय झाले? त्याने पान खालपर्यंत वाचले. दावा दाखल झाल्याचे साल होते, रक्कम होती, आरोप तर खुलासेवार होते. पुढे काहीच नव्हते. बाजारात चौकशी केली तेव्हा कळले की दोन्ही पक्षांत तडजोड होऊन दावा केव्हाच काढून घेतलेला आहे. आम्ही माल दिला. पण ज्यांनी चौकशी न करता नकार दिला असेल, अशा पेढ्या किती असतील?

मिलच्या मॅनेजरसाहेबांना आम्ही ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अजी, हमने तीन बार निकाला, हर बार वापस आ जाता है." आमच्या मते चूक नेमकी इथे आहे, आणि आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांची हीच समजूत असल्याने त्यावर चार शब्द लिहिणे आम्हाला जरूर वाटते. (आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, तेव्हा भाषेत कमीजास्त झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. त्याचा मजकूर पगारी लोक लिहीत नाहीत, जगभरचे स्वयंसेवक लिहितात. सॅन फ्रान्सिस्कोची विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था यंत्रणा चालवते, पण कोणत्या लेखात काय लिहावे हे सहसा ती ठरवत नाही. म्हणून तिथल्या साहेबाला लेटरहेडवर पत्र पाठवून फारसे काही निघत नाही. लेख कोणालाही दुरुस्त करता येतो हे खरे, परंतु प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी, केव्हा, काय काढले हे सर्वांना दिसते. मिलच्या माणसाने दाव्याचा परिच्छेद गुपचूप उडवला की कोणीतरी स्वयंसेवक तो परत आणून ठेवतो, आणि त्या कंपनीकडे संशयाने पाहू लागतो. तीन वेळा उडवल्यावर तर तो परिच्छेद दगडासारखा पक्का होतो.

या बाबतीत मोठमोठ्यांची फजिती झालेली आहे. डायबोल्ड ही त्या वेळी मतदान यंत्रे बनवणारी अमेरिकेची कंपनी होती. २००५ साली तिच्याच कॉम्प्युटरवरून, तिच्यावरील टीकेचे परिच्छेदच्या परिच्छेद लेखातून काढले गेले. २००७ मध्ये कोणता बदल कोणाच्या कॉम्प्युटरवरून झाला हे शोधणारे एक साधन निघाले आणि सगळे उघडकीला आले. टीका पुसायला गेले आणि पुसण्याचीच बातमी जगभर झाली.

मग सरळ रस्ता कोणता? प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चेचे पान असते. तिथे कंपनीच्या माणसाने आधी सांगायचे की मी या कंपनीचा नोकर आहे किंवा तिच्याकडून पैसे घेतो. २०१४ पासून पैसे घेऊन लिहिणाऱ्याला हे जाहीर करणे बंधनकारक आहे. त्यानंतर अर्ज मांडायचा: अमुक वाक्य आज असे आहे, ते असे करावे, आणि त्याला आधार हा. अर्जावर खूण लावली की तो रांगेत जातो आणि कंपनीशी संबंध नसलेला एखादा स्वयंसेवक तो तपासून मान्य किंवा नामंजूर करतो. फुकट काम करणारी माणसे आहेत, तेव्हा आठवडे लागतात, कधी महिनेही. तिथे वाद झाला तर तटस्थपणाच्या तक्रारींसाठी वेगळा फलक आहे, तिथे दाद मागता येते.

अर्जात काय मागावे याला महत्त्व आहे. "आमची बदनामी थांबवा" हा अर्ज होत नाही. दावा काढून घेतला गेला, ते लिहा. आरोप हा आरोप म्हणून लिहा, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नव्हे. अपिलात निकाल फिरला, तोही लिहा. पन्नास वर्षांच्या कंपनीच्या लेखात अर्धी जागा एका दाव्याने खाल्ली असेल तर ती प्रमाणात आणा. प्रत्येक गोष्टीला तिच्या महत्त्वाइतकीच जागा द्यावी असा त्या ज्ञानकोशाचाच नियम आहे, त्यावर बोट ठेवून मागता येते. दावाच नव्हता असे मात्र मागू नये. होता तर होता.

आणि वकिलाची धमकी तिथे घालू नये. "कोर्टात खेचू" असे चर्चेच्या पानावर लिहिले की धमकी मागे घेईपर्यंत लिहिणाऱ्याचे खाते बंद होते. कोर्टात जाण्याचा हक्क कोणी काढून घेत नाही; कोर्टाचा रस्ता धरा किंवा चर्चेचा, दोन्ही एकदम नाही, इतकेच.

दलालांबद्दल इशारा देणे भाग आहे. "तुमचे पान साफ करून देतो" म्हणणारे आजकाल खूप भेटतात. २०१३ मध्ये विकि-पीआर नावाच्या अमेरिकन कंपनीची शेकडो बनावट खाती पकडली गेली आणि फाउंडेशनने तिला कायदेशीर नोटीस दिली. २०१५ मध्ये तर ३८१ खाती एकदम बंद झाली. त्या टोळीची रीत अशी, की लहान धंदेवाल्यांना गाठून लेख छापून देण्याचे पैसे घ्यायचे आणि मग लेख सांभाळण्याचा हप्ता मागायचा. बाजारात ज्याला आपण वसुली म्हणतो, तीच ही.

सरळ रस्त्यालाही काटे आहेत, हे आम्ही लपवीत नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी या तेल कंपनीसाठी खोदकाम करणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मेले. पुढे बीपीच्या माणसाने स्वतःची ओळख उघड सांगून चर्चेच्या पानावर मजकूर सुचवला आणि स्वयंसेवकांनी तो लेखात घेतला. २०१३ मध्ये काही जुन्या सदस्यांनी हिशोब मांडला की लेखाचा सुमारे ४४ टक्के मजकूर कंपनीने सुचवलेला आहे. गदारोळ झाला. कंपनीने नियम पाळले होते, यात शंका नाही. परंतु ज्यांची माणसे गेली, मासेमारी बुडाली, त्यांच्याकडे चर्चेच्या पानावर बसवायला पगारी माणूस कुठून येणार? मिलमालकाला इन्साफ मागण्याचा हक्क असेल तर ज्याने मिलवर दावा लावला त्या बुनकरालाही आहे. म्हणून तपासणारा तिऱ्हाईत असावा आणि त्याने अर्जातला मजकूर जसाच्या तसा उचलू नये, हेच योग्य.

आपल्या देशात एएनआय या वृत्तसंस्थेने कोर्टाचा रस्ता धरला. ही संस्था सरकारच्या प्रचाराचे साधन असल्याचा आरोप झाला, असे तिच्यावरील लेखात लिहिले होते. लेख कुलूपबंद असल्याने संस्थेला तो बदलता येईना. जुलै २०२४ मध्ये ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २ कोटी रुपये भरपाई मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या दाव्यावर लिहिलेले वेगळे पानही कोर्टाच्या आदेशाने काढावे लागले. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याआधी एप्रिलमध्ये बदनामीकारक मजकूर काढण्याचा अंतरिम आदेशही सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवला होता, कारण मागणी फार मोघम होती. खोटे आणि बदनामीकारक असे सर्व काढा म्हटले, तर नेमके कोणते वाक्य, हे कोणी ठरवायचे? म्हणजे चर्चेच्या पानावर जे विचारले जाते तेच देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टातही विचारले गेले. दरम्यान ज्यांनी तो लेख कधी पाहिला नव्हता त्यांनीही तो वाचला.

आता ज्ञानकोशवाल्यांविरुद्ध आमची तक्रार. आधार म्हणून त्यांना स्वतंत्र वर्तमानपत्र लागते. कंपनीचे स्वतःचे निवेदन चालत नाही, हे ठीक. पण कोर्टाचा हुकूम थेट दाखवला तरी त्यावर ते काचकूच करतात. त्याबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलेले त्यांना पाहिजे असते. हुकुमाचा अर्थ कोणीही आपल्या सोयीने लावू शकतो, हे त्यांचे कारण चुकीचे नाही. परंतु "दावा काढून घेतला" किंवा "फेटाळला" या एका ओळीत अर्थ लावण्यासारखे काय आहे? एवढ्यापुरता हुकूम खुशाल धरावा असे आमचे मत आहे.

मात्र खरा दोष वर्तमानपत्रांचा आहे आणि तो आम्ही सोसलेला आहे. १९९८ साली आमच्या पेढीवर चेक परत गेल्याचा, कलम १३८ चा खटला झाला. चेक तारण म्हणून दिलेला होता, माल खराब निघाल्याने आम्ही परत केला होता, तरी समोरच्या पार्टीने तो बँकेत भरला. एका स्थानिक पत्राने पेढीच्या नावासह बातमी छापली. पुढे मॅजिस्ट्रेटने आम्हाला निर्दोष सोडले. वडील हयात होते. हुकुमाची नक्कल घेऊन ते स्वतः त्या पत्राच्या कचेरीत गेले. निकालात बातमी काय आहे, असे त्यांना सांगण्यात आले. दोन वर्षे आम्हाला सुताचे बीम रोखीने घ्यावे लागले.

त्या वेळी ज्ञानकोश नव्हता, कात्रणे पुड्या बांधण्यात गेली आणि लोक विसरले. आता कात्रण जात नाही. म्हणून या पानाच्या संपादकांना आमची विनंती आहे की ज्या पेढीवरच्या दाव्याची बातमी छापाल तिच्या निकालाची तारीख डायरीत लिहून ठेवा आणि निकाल लागला की दोन ओळी छापा. इंग्रजी ज्ञानकोशातही मराठी, उर्दू, गुजराती पत्राचा आधार चालतो.

मिलच्या मॅनेजरसाहेबांना आम्ही हे सर्व समजावले. त्यांनी जुनी दप्तरे उपसली तेव्हा तडजोडीची चार ओळींची बातमी एका गुजराती दैनिकात सापडली. पुतण्याने त्यांच्यासोबत बसून अर्ज लिहिला, वर मिलचे नाव आणि आपला हुद्दा स्पष्ट टाकायला लावला, दाव्याचे मूळ वाक्य तसेच ठेवून त्यापुढे फक्त एक वाक्य मागितले. अडीच महिने झाले, अर्ज रांगेत आहे.